शुक्रवारची खेप

कुणी अडचण सांगितली की ती पुरती ऐकून घेण्याआधी मी कागद ओढते आणि त्यावर रेघा मारायला लागते. नवरा म्हणतो, लग्नात सप्तपदीची पावलंसुद्धा तू मोजत होतीस. मोजत होते, आणि भटजी एक चुकलेही होते. असो. त्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून इथे कन्नड मुलखात, येलहंक्याला आलो, आणि रेघा मारायला मला एक अख्खं मराठी मंडळ मिळालं.

समोरच्या घरातले काका त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. कुठलं यंत्र कधी चालायचं आणि कुठला माल कधी पोहोचायचा याचं वेळापत्रक आखण्यात त्यांची नोकरी गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्यांनी हात टेकले आणि डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला यशवंतपूरच्या अलीकडच्या एका सेंटरमध्ये. चार तास मशीनला जोडलेलं राहायचं. उशीर झाला तर तेवढा वेळ कमी, कारण पुढचा पेशंट दारात उभा असतो.

काकांची स्वतःची गाडी होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. पण डायलिसिसनंतर त्यांचं बीपी असं खाली जायचं की डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. काकूंना गाडी येत नाही. मुलगी नाशिकला, तिचा मुलगा बारावीला. पहिले काही दिवस ॲपवरच्या टॅक्सीने गेले. पहाटे टॅक्सीवाला ‘येतो’ म्हणायचा आणि दहा मिनिटांनी रद्द करायचा. एकदा परतताना तर काका फुटपाथवर कोपऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर पाऊण तास बसून होते, आणि काकू रस्त्यात उभं राहून रिक्षांना हात करत होत्या. हे मला कळलं आणि मी कागद ओढला.

मंडळातल्या सहा घरांनी लगेच होकार दिला. आठवड्याच्या सहा खेपा, तीन जायच्या, तीन यायच्या. प्रत्येक घराला एक. शुक्रवारी सकाळची खेप माझी. तक्ता सहाही फ्रिजवर लागला. त्यात मी नियमसुद्धा लिहिले होते. पहिला नियम बसण्याचा. काकांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर जोडून केलेली जागा. त्या हातावर दाब पडता कामा नये. पुढे बसले तर डावा हात दाराला घासतो, म्हणून त्यांनी मागे, चालवणाऱ्याच्या बरोबर पाठीमागे बसायचं. त्यामुळे आम्ही सगळे त्यांचे ड्रायव्हर दिसायचो आणि ते साहेब. साहेब गप्प बसणारे असते तर ठीक होतं. ‘तिसरा टाक.’ ‘क्लचवरून पाय काढ.’ ‘तो बसवाला तुला जागा देणार नाही, तूच दे.’ जालहळ्ळी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं, आणि काका मात्र ताजेतवाने.

पहिल्याच दिवशी निघताना काकूंनी माझ्या हातात डबा दिला. थालीपिठं आणि लोण्याचा गोळा. ‘पहाटे उठून येतेस, निदान नाश्ता तरी.’ मी घेतला. थालीपिठं अप्रतिम होती. आता डबा परत करायचा, तर रिकामा कसा करणार? आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. मी त्यात डिंकाचे लाडू भरले.

माझ्या तक्त्यात ही ओळ नव्हती. सहा घरं म्हणजे आठवड्याला सहा डबे जाणार आणि सहा भरून परत येणार. कुणी केळी घालून शिरा दिला, कुणी टोमॅटोचं सार. ‘आजारी माणसाला चांगलं’ म्हणून एका घराने तर दर बुधवारी शहाळी पाठवली. काकांना नेमकं तेच वर्ज्य. शहाळं, केळं, टोमॅटो, सगळ्यात पोटॅशियम, आणि ते त्यांच्या हृदयाला चालत नाही. सेंटरमधल्या आहारतज्ज्ञ मुलीने ही यादी ऐकली आणि काकांना विचारलं, ‘सर, तुमचे शेजारी तुमच्यावर रागावलेत का?’ मग ते सगळं काकू एकट्या संपवायच्या, कारण टाकणं पाप.

एका शुक्रवारी मी अर्धा तास आधी पोहोचले. स्वयंपाकघरात दिवा होता. काकू करंज्या तळत होत्या, सकाळी पावणेसहाला. पाय सुजलेले, एक पाऊल दुसऱ्या पावलावर टेकवून उभ्या. काका स्टुलावर बसून उजव्या हाताने करंजीच्या कडा कातत होते.

‘काकू, किती वाजता उठलात?’

‘तीनला. आज तुझा डबा, आणि आणायला येतील त्यांचाही. त्यांच्याकडे माणसं जास्त, दहा करंज्यांनी काय होतंय?’

मी इतकी भडकले की सांगता सोय नाही. ज्या बाईची धावपळ वाचावी म्हणून मी हा खटाटोप केला, ती माझ्यामुळे पहाटे तीनला तेल तापवत होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या दिवशी सेंटरच्या बाहेर गाडीत बसूनच मी ग्रुपवर मेसेज टाकला: ‘आजपासून डबे बंद. द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. अपवाद नाही.’ पाचही घरांचे अंगठे आले. मला फार बरं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी सव्वासहाला मी हॉर्न वाजवला तर काका लुंगीवर गेटपाशी आले.

‘आज नाही येत. आठवड्यातून दोनदा पुरे. मी सेंटरला फोन केलाय.’

‘डॉक्टर तीनदा म्हणालेत.’

‘डॉक्टरांना काय जातंय म्हणायला? खेपा तुम्हाला पडतात.’

मी रस्त्यात उभी राहून भांडले. दूधवाला थांबून ऐकत होता. मी म्हटलं, आम्ही कुणी कधी तक्रार केली का? काका शांतपणे म्हणाले, ‘तू डबे बंद केलेस. डबा होता तोवर मी तुमच्याबरोबर येत होतो. आता तुम्ही मला नेता. मला नुसतं घेत राहणं जमत नाही गं.’ आणि गेट लावून आत गेले.

मला रडू यायच्या आधी राग येतो, तसा आला. घरी येऊन मी नवऱ्याशी भांडले, त्याचा काही संबंध नसताना. पण रविवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. काकांचा चेहरा सुजला होता. आडवं झालं की दम लागत होता, म्हणून खुर्चीतच बसून होते. एक खेप चुकली तर काय होतं ते मला पहिल्यांदा कळलं, आणि ती माझ्या मेसेजमुळे चुकली होती.

सोमवारी सकाळी न्यायची पाळी मंडळातल्या अण्णांची होती. अण्णा इथले जुने मराठी, त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी या मुलखात आले. मी स्वस्थ बसू शकत नव्हते, त्यांच्या गाडीत मीही घुसले. ‘निधान, स्वल्प निधान,’ म्हणजे हळू, जरा हळू, करत अण्णांनी काकांना आत पोहोचवलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, ‘अक्का, एक विचारू काय? तुमच्या घरी कोण काय दिलं तर तुमी बेडा, नको म्हंता काय? दुसऱ्या दिवशी वाटी भरून पाठवताच की नै? मग त्यांनाच का गप बसा म्हणायचं?’

मी तडक आत गेले. काकांना मशीन लावून झालं होतं. शेजारची खुर्ची रिकामी. जालहळ्ळीला ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंची ती खुर्ची. मुलगा रात्रपाळी संपवून यायचा आणि मग बाइकवर बसवून आणायचा, त्यामुळे रोज पाऊण तास उशीर, आणि तेवढं डायलिसिस कमी. त्या दिवशीही तसंच झालं. बाई धापा टाकत आल्या, हेल्मेटसकट.

काकांचा चेहरा सुजलेला, आवाज बसलेला, तरी पुटपुटले, ‘हे काय वेळापत्रक आहे? यांच्या येण्याजाण्याचं कोण बघतं?’

माझी जीभ सुटलीच. ‘तुम्ही बघा ना! चार तास उजवा हात रिकामाच असतो तुमचा.’

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुखावले. अकरा वाजता निघताना म्हणाले, ‘तो तुझा तक्ता पाठव. त्यात चुका फार आहेत.’

बुधवारी मशीनवरून त्यांनी पहिला फोन मला केला. ‘शुक्रवारी सव्वासहा नाही, सहा वाजून पाच. आपण जालहळ्ळी क्रॉसवरून जातोच, त्या बाईंना तिथे घ्यायचं. चालेल का म्हणून विचारत नाहीये.’ पाठोपाठ अण्णांना फोन, मग बाईंच्या मुलाला, त्याच्याशी कन्नडमध्ये. आठवडाभरात काकांनी मंडळाचा माझा तक्ता मोडीत काढून नवा केला. माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी लेखी मान्य करते. सेंटरमधले आणखी दोघे त्यात आले. गाडी कुणाचीही, फोन काकांचा. डब्यांचाही त्यांनी निकाल लावला: महिन्यातून एकदा, सगळ्यांनी मिळून, सेंटरच्या नर्सना. काकू आता सहाला उठतात, आणि कधी कधी सव्वासहाला.

बाईंचा फिस्टुला उजव्या हातात. त्या मागे डावीकडे बसतात, काका उजवीकडे. दोघांचे जपायचे हात मधल्या जागेत, एका उशीवर, शेजारी शेजारी. आरशात मला ते दिसतात. ‘सार्, मेडमना हळू चालवायला सांगा,’ बाई कन्नडमध्ये म्हणतात, आणि काका तत्परतेने भाषांतर करतात, वर स्वतःची चार वाक्यं घालून.

शुक्रवार एकदाही चुकला नाही. मी एकदा डिवचलं, ‘काय काका, दोनदा पुरे होतं ना?’ तर म्हणाले, ‘मी नाही आलो तर गाडी निघेल का? त्या बाई क्रॉसवर वाट बघत राहतील.’ मला कळलं, पण मी गप्प बसले. माझ्यासाठी हे मोठंच काम होतं. मनात धास्ती मात्र राहिली, की ते येतात ते बाईंसाठी. बाई नसतील त्या दिवशी?

तो दिवस गेल्या महिन्यात आला. बाई भावाकडे तुमकुरला गेल्या आणि दोन आठवडे तिथल्याच सेंटरमध्ये डायलिसिस घेणार होत्या. बाकी दोघांना त्या दिवशी वेगळी गाडी होती. तक्ता काकांचाच, त्यांना हे माझ्याआधी ठाऊक. गुरुवारी दिवसभर त्यांचा फोन आला नाही. शुक्रवारी सहाला मी गाडी काढली. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, आवाज चढवायचा नाही हेही ठरवलं होतं.

काका गेटबाहेर उभे होते. शर्ट-पँट, पायात बूट. दार उघडून नेहमीच्या जागी मागे बसले, डावा हात उशीवर ठेवला. मी वळून बघतच राहिले.

‘काय बघतेस? आज मी एकटाच आहे. एकट्या माझ्यासाठी गाडी चालवायला जड जातंय का तुला?’

‘मुळीच नाही,’ मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. पहिला सिग्नल येईपर्यंत मला समोरचं धड दिसत नव्हतं. ते काकांना सांगितलं नाही. लगेच म्हणाले असते, उतर खाली, मी चालवतो.