फोटो येत होते, आवाज येत नव्हता

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा मी इंदापूर भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा होऊन गेला होता. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच वडगाव निंबाळकरचे एक बागायतदार समोर येऊन उभे राहिले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांची मुलगी इंदापूरला दिलेली. जावई तिला गाडीनं हिमाचल फिरायला घेऊन गेला होता.

"सायेब, पंधरा दिस झालं, फोटू रोज येत्यात," आबा म्हणाले. "पर पोरगी बोलत न्हाय. फोन केला की कट. मग मेसेज येतो, रेंज न्हाय म्हणून."

"रेंज नाही, तर फोटो कसे येतात?"

"त्येच म्हणतोय मी."

फोटो पाहिले. सफरचंदाच्या बागा, नदीवरचा पूल, लांबवर बर्फाचे डोंगर आणि प्रत्येक ठिकाणी हसणारी मुलगी. कधी लाल शाल, कधी निळी. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. निघायच्या आदल्या दिवशी नणंदेच्या साखरपुड्यात मेंदी काढली होती, असं आबा म्हणाले. माझ्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं, त्यामुळे मेंदी किती भराभर फिकी पडते ते घरातच पाहिलेलं. इथं मात्र पहिल्या फोटोत जेवढी गडद, तेवढीच कालच्या फोटोत. म्हणजे फोटो सगळे सुरुवातीचे होते. कुणीतरी ते पुरवून पुरवून पाठवत होतं.

मिसिंगची नोंद घेतली, नवरा-बायको दोघांच्या मोबाईलचं लोकेशन मागवलं, गाडीचा नंबर खबऱ्यांना दिला. लोकेशन यायच्या आत एका खबऱ्याचा फोन आला. "सायेब, ती गाडी उजनीच्या काठाला, मित्राच्या गोठ्यामागं झाकून ठेवलीया. गडी एकटाच हाय. बाई न्हाय."

त्याच दुपारी आबांना मेसेज आला होता: आम्ही बर्फात आहोत, मजेत.

जावयाला ठाण्यात आणलं. शिकलेला, नीटनेटका माणूस. बायको मैत्रिणीकडे राहिली म्हणाला. मैत्रिणीचं नाव दोनदा विचारलं, तर दोन वेगळी नावं आली. मी आवाज चढवला नाही. मोबाईलवर एकामागून एक फोटो दाखवले आणि फक्त मेंदीवर बोट ठेवत गेलो. चौथ्या-पाचव्या फोटोला त्याचा धीर सुटला.

"घाटात भांडण झालं, सर. मी म्हणालो, उतर खाली. ती उतरली. मी गाडी पळवली. परत आलो तर ती नव्हती. खाली नदी होती."

"तिथल्या पोलिसांकडे का नाही गेलास?"

"मीच ढकललं म्हणाले असते."

तिचा मोबाईल गाडीतच राहिला होता. त्याच मोबाईलवरून तो आबांना फोटो आणि मेसेज पाठवत होता. मला त्याचा एक शब्दही खरा वाटत नव्हता. हिमाचलच्या पोलिसांना माहिती कळवली, ती मृतदेह सापडेल याच हिशोबानं. आबा बाहेर बाकावर बसून होते. घरी जा म्हटलं तरी हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. मुलगी जिवंत होती. आबांना मी आत बोलावून घेतलं. एका ट्रकवाल्यानं तिला खालच्या गावात सोडलं होतं. तिथं एका बाईच्या बागेत ती सफरचंदाच्या पेट्या भरत होती. तिथल्या महिला अधिकाऱ्यानं तिच्याशी माझं फोनवर बोलणं करून दिलं.

"घरी फोन का नाही केलास?" मी विचारलं.

तिनं उलट विचारलं, "आबा तिथंच आहेत का?"

"समोर बसलेत."

"मग त्यांनाही ऐकू द्या."

मी स्पीकर चालू केला.

"मारतो म्हणून दोनदा माहेरी आले होते, साहेब. दोन्ही वेळा आबांनीच मला गाडीत घालून परत पोचवलं."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. ते फोनकडे वाकले. "घरी ये, पोरी. आता न्हाय पोचवायचो."

"खरं?"

"व्हय."

"बघते. हितला हंगाम संपू दे."

तिच्या जबाबावरून नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. ती सज्ञान होती, त्यामुळे तिचा पत्ता मी आबांनाही दिला नाही. "ती देईल तेव्हा घ्या," एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि टोपी सारखी करून निघून गेले.

त्यानंतर मिसिंगची तक्रार घेऊन कुणी आलं की, संशय कुणावर आहे हे विचारण्याआधी मी एक प्रश्न विचारू लागलो: हरवलेलं माणूस अडचणीत सापडलं तर पहिला फोन कुणाला करील? "मलाच," असं ताबडतोब सांगणारे पुष्कळ भेटले. तपासाला खरी मदत झाली ती हा प्रश्न ऐकून खाली बघणाऱ्यांची.