शकूताईची बातमीपत्रं

शकूताई गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी नगरला नववीचा तास घेत होतो. 'सर, तुमची बहीण वारली म्हणे,' शिपाई दारातूनच ओरडला, आणि मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. पण ते हसू अजून कानात आहे... ताईला ते आवडलं असतं. असल्याच गोष्टींवर ती लिहायची.

बेलापूरहून ती रोज श्रीरामपूरला टायपिंगच्या क्लासवर शिकवायला जायची. मालकाने एक कॉम्प्युटर आणून त्याला फोन जोडला होता. इंटरनेट हा शब्द आमच्याकडे अजून यायचा होता, पण श्रीरामपुरातल्या एका इंजिनीअरने स्वतःच्या कॉम्प्युटरवर 'बोर्ड' उघडला होता. फोन लावून आत शिरायचं, लोकांनी लिहून ठेवलेलं वाचायचं, आपलं लिहायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. कोणी बुद्धिबळाचा डाव मांडून ठेवी, कोणी सासऱ्याच्या घोरण्याचं रसभरीत वर्णन करी. दुपारी क्लास रिकामा असला की ताई ते वाचून एकटीच हसायची. बाजाराला आलेल्या आईने एकदा विचारलं, 'कोनाशी हसती गं त्या डब्यासंगं?'

'मान्सं हायत आत, आई. लई गमतीची.'

मग तीही 'मळी' या नावाने खोटी बातमीपत्रं लिहू लागली. साखर कारखान्याच्या मळीचा वास आज कुठल्या आळीत मुक्कामाला जाणार, तिथल्या कुठल्या मुलीची सोयरीक त्यामुळे फिसकटणार... लोक वाट बघू लागले.

इंजिनीअरने एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं. मी सोबत गेलो होतो. 'मळी' म्हणजे बाई आहे म्हटल्यावर टाळ्या पडल्या, तिचीच वाक्यं लोकांनी तिला म्हणून दाखवली. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग एकाने आडनाव विचारलं. तिने सांगितलं. 'बेलापुरात कुठे राहता?' तेही सांगितलं. एक-दोघं घड्याळ बघत उठले... शेवटी इंजिनीअरची बायको म्हणाली, आणि कौतुकानेच म्हणाली, 'अय्या, लिहिण्यावरून वाटत नाही हो!'

ताईच्या पुढच्या बातमीपत्राखाली कोणीतरी लिहिलं, 'आता विनोदातही राखीव जागा?' त्याखाली बाकीच्यांनी आपापलं हसू नोंदवलं. ताईने इंजिनीअरला फोन केला. तो म्हणाला, 'चेष्टा आहे हो. तुम्हीही सगळ्यांची करताच की.'

तेव्हा तिने त्या रविवारचंच बातमीपत्र लिहिलं. आडनाव ऐकल्यावर कुठली खुर्ची किती सरकली, कोणाला एकदम घरची कामं आठवली, एवढंच; रागाचा एक शब्द नाही. तिने ते मला वाचून दाखवलं तेव्हा हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी बोर्ड तिला आत घेईना. ती परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा टाइप करत राहिली.

'घर त्यांचं हाय,' ती म्हणाली. 'पन माझं सगळं आतच राह्यलं की रं.'

ती आजारी पडल्यावर मी तिचं लिखाण मागायला इंजिनीअरकडे गेलो. त्याने पाणी दिलं, तब्येत विचारली. 'ते पुसलं हो सगळं,' म्हणाला, 'मशीनमध्ये जागा लागत होती.' ताईला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातात सुई टोचलेली होती. छताकडे बघत ती म्हणाली, 'अशी किती जागा लागत हुती रं मला?'

परवा मृत्यूच्या दाखल्यासाठी श्रीरामपूरच्या कचेरीत गेलो. टायपिस्ट मुलीने नवी रिबन घातली, आणि ती नीट उमटते का हे बघायला झरझर एक ओळ टाइप केली. मी वाकून वाचली. 'बेलापूरच्या कोंबड्यांनी आरवण्यास नकार दिला असून त्यांची समजूत काढण्यास दोन तलाठी रवाना झाले आहेत.'

'हे कुठलं?' मी विचारलं.

'क्लासच्या बाई सरावाला द्यायच्या. बोटांत बसलंय. असेल कुठल्या तरी पुस्तकातलं.' तिने कागद ओढून काढला, चुरगळून टोपलीत टाकला, कोरा फॉर्म चढवला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, 'हं, मयताचं नाव सांगा.'