पुंजारामाची कोरी चप्पल

मखमलाबादच्या पुंजारामाचा मळा फुलांचा. झेंडू, शेवंती आणि कडेला थोडा गुलाब. फुलं जायची गणेशवाडीच्या बाजारात आणि तिथून देवाच्या गळ्यात. म्हणून पोरवयापासून पुंजारामानं मळ्यात कधी चप्पल घातली नाही. बांधावर काढायची, हात जोडायचे, मग आत. माणूस हट्टी, पण हट्ट असा गोड की त्याची बायको चंद्रभागा हिनंही चाळीस वर्षं अनवाणीच फुलं तोडली.

श्रावणात त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली काटा मोडला. दुखला नाही, म्हणून कळला नाही. चार दिवसांनी अंथरुणावर डाग दिसला तेव्हा चंद्रभागेनं पाय ओढून बघितला.

"काय नाय गं, भरंल लगीच," म्हणत त्यानं झेंडूचा पाला चोळून लावला. याच पाल्यानं निम्म्या गावाच्या जखमा त्यानं बऱ्या केल्या होत्या. स्वतःची मात्र गणपती उठले तरी ओलीच.

शेवटी सून सुवर्णा दोघांना शहरात घेऊन गेली. साखर निघाली तीनशेच्या वर.

"बाबा, साखरेनं तुमच्या पायाची जाणीव गेलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुखत नाही, म्हणून तुम्ही त्याच जागेवर भार देत राहता. जखमेला रक्त लागतं आणि विसावा लागतो. औषधं मी देते. विसावा तुम्ही द्यायचा." त्यांनी मऊ तळाची जाड चप्पल दिली आणि बजावलं, हिच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि रोज संध्याकाळी तळवा बघायचा.

गोळ्या वेळेवर झाल्या, चहा बिनसाखरेचा झाला. महिन्यानं साखर उतरली, जखम मात्र तसूभरही भरली नाही. डॉक्टरबाईंनी मग स्पष्टच सांगितलं, पंधरा दिवस बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. बोलता बोलता त्यांनी चप्पल उलटी केली. तळ जवळजवळ कोराच!

"ही घालता ना बाबा?"

"घालतो की," पुंजाराम म्हणाला.

चंद्रभागा फरशीकडं बघत राहिली. चप्पल घरापासून फक्त बांधापर्यंत जात होती, हे तिला ठाऊक होतं. रोज सकाळी तीच तर ती चप्पल बांधावर नीट लावून ठेवत होती! परतताना बसमध्ये तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी पुंजारामानं नेहमीप्रमाणं बांधावर चप्पल काढली. तेवढ्यात त्याच्यादेखत चंद्रभागा आपल्या रबरी चपला घालून तरातरा शेवंतीत शिरली.

"अगं, बाटवलास ना सगळा मळा!"

"बाटवला. पयलं पाऊल माझं पडलंय, देव कोपला तर माझ्यावर कोपंल. तुम्ही घाला ती चप्पल."

"येडी का खुळी तू?"

"अंगठा गेल्यावर देवाला काय अंगठा वाहणार हाये?" मग जरा दमानं ती म्हणाली, "बांधाकडच्या चार सऱ्या देवाच्या. त्या मी अनवाणी तोडीन. बाकीची फुलं ट्रॅक्टरला नि मोटारीला जाऊ द्या. दिवाळीला त्यांना बी लागत्यातच की."

पुंजाराम दुपारपर्यंत बांधावर फुगून बसला. भाकरी आली तशी खाल्ली, पाणी प्याला. मग कुणी बघत नाहीसं पाहून चप्पल चढवली आणि पाचव्या सरीत उतरला. चंद्रभागेनं बघितलं, पण मान वर केली नाही.

दिवाळीच्या सुमाराला जखम भरली. अंगठा शाबूत राहिला. त्या संध्याकाळी ओट्यावर तिनं नेहमीसारखा त्याचा तळवा निरखला. बघून झाल्यावर पुंजारामानं तिच्याच डोळ्यावरचा चष्मा काढून आपल्या नाकावर चढवला.

"आता तुझा पाय दे."

"अहो, बायकोचा पाय कुठं धरताय! कुणी बघंल."

"बघू दे. देवाच्या चार सऱ्या अनवाणी कोण तुडवतंय?"

त्यानं तिची टाच मांडीवर घेतली आणि एकेक बोट फाकवून बघितलं. टाचेपाशी बारीकसा काटा होता. त्यानं नखानं दाबताच चंद्रभागा ओरडली, "आई गं! दुखतंय ना!"

"दुखतंय? लय दुखतंय?"

"मग काय तर!"

"बेस झालं," पुंजाराम म्हणाला, आणि चष्मा काढून त्यानं धोतरानं आधी डोळे पुसले, मग काटा काढला.