बारीक धार

यंत्र घरमालकिणीचं, ते पेटेना आणि दोष मात्र आमच्या पाहुणीचा! हे मला बिलकूल मान्य नव्हतं. परदेशात, क्लेमेंटी भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी मैत्रीण एक खोली भाड्याने घेऊन पीएचडी करत होतो. शेजारच्या खोलीत मालकीणबाई. मैत्रिणीची आई पुण्याहून महिनाभर राहायला आली आणि आल्या आल्या गॅसचा गीझर संपावर गेला.

"ओल्ड लेडी डोन्ट नो हाऊ टू यूज लाह," मालकीणबाई तिथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत म्हणाल्या. "उद्यापण असंच झालं तर तिला हॉटेलात ठेवा."

हॉटेलात! लेकीकडे आलेल्या बाईला! काकू म्हणाल्या, "राहू दे गं, मी गार पाण्याने आंघोळ करीन," आणि गुडघा चोळत बसल्या. माझं डोकंच सटकलं. कॉलेजात मी पत्रकं वाटत वाढले. पुराव्याशिवायचा आरोप ऐकून घ्यायची मला सवय नाही.

गॅसचा वास नव्हता. गीझरचे सेल बदलले. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या गीझरसमोर मी उभी राहिले, मैत्रिणीने बाथरूममधला शॉवर सोडला. टक टक टक, भप्प! निळी ज्योत!

"पेटला!" मी नाचायचीच बाकी होते. बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा पेटला. "काकू, आता तुम्ही सोडा पाणी."

टक्‌ सुद्धा नाही.

"सी?" मालकीणबाई दारात, हाताची घडी.

मी मैत्रिणीला गीझरपाशी उभं केलं आणि तडक बाथरूममध्ये घुसले. काकूंनी खालच्या दुकानातून हौसेने आणलेली लाल बादली नळाखाली, आणि नळाला सुतासारखी धार.

"काकू, एवढाच सोडता नळ?"

"मग? भसाभसा पाणी वाया घालवू?"

मी नळ पूर्ण फिरवला. तिकडून मैत्रीण किंचाळली, "आई, पेटला!"

पाण्याला जोर असल्याशिवाय तो गीझर ठिणगीच टाकत नव्हता. आम्ही शॉवरवाल्या, आम्हाला कसं कळणार? मालकीणबाईंना ओढत आणून धार बारीक करून दाखवली, मोठी करून दाखवली. विझला, पेटला.

"ओके लाह. नो नीड हॉटेल."

"आणि सॉरी?" मी पवित्रा घेतला. "आधी काकूंना सॉरी म्हणा!"

तेवढ्यात काकूंनी काठोकाठ भरलेल्या बादलीवरचा नळ खटकन बंद केला.

"व्हा गं बाहेर सगळ्या. भांडण नंतर कर, माझं पाणी निवतंय."