दोन कुलपांची पेटी

दाजी खुर्चीत पूर्ण टेकून बसलेले मी कधी पाहिले नाहीत. कडेवर बसणार, एक पाय दाराकडे. हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि हद्दीचे दगड रोवले. एकच अंतर दोन्ही टोकांकडून मोजायचे. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा, मग ऊन असो की चिखल. मी छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. कोण काम करतो आणि कोण काम केल्यासारखं करतो, ते मला लवकर कळतं. दाजी काम करणारे होते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका हद्दीच्या भांडणात त्यांचा डावा हात मोडला. दगड सव्वादोन फूट सरकला होता, इतकंच कारण. मारणारे दोघे भाऊ. एकाला शिक्षा झाली, दुसरा सुटला. सुटलेल्याने कोर्टाच्या पायऱ्यांवर दाजींना गाठून सांगितलं, "तुमची गाडी ओळखतो मी."

त्या चार शब्दांनी दाजींना पिस्तुलापर्यंत नेलं. अर्ज, चौकशी, प्रशिक्षण, परवाना, सगळं रीतसर. परवान्याची अट न् अट त्यांना पाठ होती. कागद शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात.

अक्काची मूत्रपिंडं तोवर थकली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. रुग्णालय बावीस किलोमीटरवर आणि रस्ता नेमका त्या भावांच्या जमिनीला लागून. रुग्णालयाच्या दारावर हत्यार आत नेता येत नाही अशी पाटी. म्हणून पिस्तूल गाडीत असायचं. गाडीत कुठे, हे मी विचारलं नव्हतं.

एकदा मी बरोबर गेलो. अक्काला मागे आडवं होता यावं म्हणून मी पुढे बसलो. सीट मागे सरकवायला खाली हात घातला तर बोटांना टॉवेल लागला. टॉवेलात जड काहीतरी. लोखंडाचं वजन माझ्या हाताला कळतं. मी हात हळूच काढून घेतला.

"दाजी, भरलेलं आहे?"

"भरलेलं नसेल तर उपयोग काय?"

मागून अक्का उठून बसली. "सीटखाली? आणि मी आठ महिने त्याच्यावर बसतेय?"

"सुरक्षेचा खटका लावलेला असतो," दाजी म्हणाले.

"गाडी थांबवा."

"अगं, उशीर होतोय."

"थांबवा म्हणते ना."

ती उतरली आणि बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. पाय सुजलेले, तोंडाला कोरड, पण कणा ताठ. "एक तर ते गाडीत राहील, नाहीतर मी," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिला मी भाड्याच्या गाडीने नेलं. दर खेपेला ते जमण्यासारखं नव्हतं आणि बसमध्ये उभं राहणं तिच्याच्याने होत नव्हतं. डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या तर पाणी छातीत चढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढची पाळी परवावर होती.

मी दाजींना म्हटलं, "घरी ठेवा."

"घर पाच-सहा तास रिकामं असतं. रिकाम्या घरात हत्यार सोडत नाहीत." हे बरोबर होतं.

"मग जमा करून टाका."

"आणि तो रस्त्यात आडवा आला तर?"

माझ्याकडे पत्रा होता. तीन मिलिमीटरचा. दुपारी मागच्या शेडमध्ये मी पिस्तुलासाठी पेटी करायला घेतली. संध्याकाळी दाजी टेप घेऊन आले. "इकडून दोनशे चाळीस, तिकडून दोनशे बेचाळीस," म्हणाले. मी पुन्हा मोजलं. खरं होतं. ती पेटी भंगारात टाकून दुसरी केली. वाईट वाटलं नाही. झाकण घासत बंद होणारी पेटी चार महिन्यांत बिजागरीतून जाते.

पेटी दोन्ही पुढच्या सीटच्या मधे बसवली. बोल्ट आतून खाली सोडले, गाडीच्या तळाला खालून जाड पट्टी दिली आणि नट त्या पट्टीला वेल्ड केले. म्हणजे पेटी उघडल्याशिवाय पेटी निघत नाही. कडीला भोकं दोन पाडली.

"दोन कशाला?" दाजींनी विचारलं.

कारखान्यात मशीनची दुरुस्ती निघाली की मुख्य स्विच पाडून त्यावर प्रत्येक जण आपापलं कुलूप लावतो. चार जण आत असतील तर चार कुलपं. ज्याची किल्ली त्याच्याच खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच चढत नाही. छत्तीस वर्षांत आमच्या खात्यात एकाचंही बोट गेलं नाही ते या रीतीमुळे. मी दाजींना तेच सांगितलं. "एक कुलूप तुमचं, एक अक्काचं."

दाजींच्या कपाळावर आठी चढली. "म्हणजे तो काठी घेऊन आला की मी म्हणायचं, बाबा रे, जरा थांब, बायकोला मशीनवरून उठवून किल्ली घेऊन येतो?"

"तेवढ्यात तो कंटाळून निघून जाईल," अक्का म्हणाली.

बाकीची रीतही तिनेच लावून घेतली. निघण्याआधी घरातच, पिस्तुलाचं तोंड वाळूच्या बादलीकडे करून, मॅगझिन काढायचं, नळीच्या मागचं गोळीचं घर डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून बघायचं. गोळ्या वेगळ्या डब्यात, डबा कुलूप लावून डिकीत. रिकामं पिस्तूल पेटीत. मग दोघांची कुलपं. अक्का समोर उभी राहून हे सगळं बघायची आणि मगच चप्पल घालायची. पाळी एकही चुकली नाही.

दाजींची मात्र झोप उडाली. अक्का आत गेली की ते गाडीत बसायचे, दहा मिनिटांनी उतरायचे, गाडीला फेरी मारायचे, पुन्हा बसायचे. बसलं की डावा हात पेटीच्या कडीवर. ओढून बघायचे. घट्ट आहे. दोन मिनिटांनी पुन्हा. एकदा रुग्णालयाच्या रखवालदाराने विचारलं, "काका, काही हरवलंय का?" दाजी म्हणाले, "नाही, आहे." रखवालदार माझ्याकडे बघत राहिला.

पेटी बसवल्यावर तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. आभाळ भरून अंधारलं होतं म्हणून आम्ही भरदुपारी दिवे लावून आलो. अक्काला आत सोडून मी चहाच्या टपरीवर थांबलो. तिथून गाडी दिसत होती. गाड्यांच्या रांगांमधून एक माणूस आला, उंच, डोक्यावर टोपी. सरळ दाजींच्या गाडीकडे. काचेवर टकटक केली.

दाजी खाली वाकले. गाडी हलायला लागली. मला कळलं, ते पेटी उपटताहेत. मी पेला टाकून निघालो, पण माझे गुडघे आता धावायचे राहिलेले नाहीत. त्या माणसाने पुन्हा टकटक केली. मी पोचलो तेव्हा तो काचेला तोंड लावून मोठ्याने सांगत होता, "अहो बाबा, दिवे चालू राहिलेत. बॅटरी उतरेल." मला बघून म्हणाला, "ऐकायला कमी येतं का यांना?" आणि गेला.

मी दार उघडून आत हात घातला आणि दिवे बंद केले. दाजींनी आपलं कुलूप काढून मांडीवर ठेवलं होतं. अक्काचं कुलूप रक्ताने माखलं होतं. अंगठ्याचं नख अर्धं उचकटलेलं.

"तोच होता?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"चेहरा पाहिला नाहीत?"

"पेटीकडे बघत होतो."

तीस वर्षं दोन्ही टोकांकडून मोजणारा माणूस, आणि काचेपलीकडे एकदाही बघितलं नाही. मी रुमाल दिला.

"हिचं कुलूप नसतं, तर मी काच खाली करून पिस्तूल त्याच्या तोंडाला लावलं असतं," दाजी म्हणाले.

"गोळ्या डिकीत होत्या, दाजी."

त्यांनी रुमाल अंगठ्याला गुंडाळला. "ते आठवलंच नाही," म्हणाले. मग म्हणाले, "तिसरं भोक पाड. तुझं कुलूप लाव. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. पेटी चोख होती, रीत चुकीच्या जागी लावली होती. कारखान्यात कुलूप लावणाऱ्याचा हात मशीनच्या आत असतो. ते बंद राहावं अशी सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते. इथे दाजींना ते दर दोन मिनिटांनी उघडावंसं वाटत होतं. असल्या माणसाला किती कुलपं लावणार?

"तिसरं लावणार नाही," मी म्हटलं.

अक्का बाहेर आली. दंडावर पट्टी, चेहरा उतरलेला. तिने अंगठा पाहिला, कडी पाहिली. मी घडलेलं सांगितलं, कमीजास्त न करता. ती गाडीत बसली, पर्समधून किल्ली काढून पेटीवर ठेवली. "घ्या. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी बसलेय."

दाजींनी किल्लीला हात लावला नाही. आपलं कुलूप पुन्हा घातलं आणि गाडी घराच्या रस्त्याला लावण्याऐवजी पोलीस ठाण्याकडे वळवली. तिथे लगेच काही होत नाही. आधी अर्ज, मग तपासणी. बाराव्या दिवशी पिस्तूल आणि गोळ्या जमा झाल्या. पावती त्याच प्लास्टिकच्या पाकिटात गेली.

मला वाटलं, आता दाजी टेकून बसतील. तसं काही झालं नाही. पेटी रिकामी आहे, पण दोन्ही कुलपं तिथेच आहेत, आणि त्या भावांच्या जमिनीजवळ आलो की त्यांचा डावा हात खाली जातो. कडी ओढतात. घट्ट आहे. पुढच्या वळणावर पुन्हा.

एकदा गाडीतच मी अक्काला म्हटलं, "किल्ली दे, पेटी काढून टाकतो. उगाच पाय ठेवायला अडचण."

"किल्ली सापडत नाही," ती म्हणाली.

किल्ली तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. मी पाहिली आहे. पण दाजी गाडी चालवत होते आणि वळण आलं होतं. त्यांचा हात कडीकडे गेला, तसे मी पाय आखडून घेतले.