बिननंबरी पत्रं

धरमपेठेत आमच्या गच्चीवर एक अँटेना आहे. शेजारी तिला अजून टीव्हीची समजतात आणि "काढून काहून नाही टाकत जी?" असं अधूनमधून विचारतात. समजावून सांगणं मी सोडलं आहे. ती हॅम रेडिओची आहे. आम्ही हौशी लोक परवाना काढून तिच्यावर बोलायचो, आणि त्याहून जास्त लिहायचो. संगणकावर टाइप केलेला मजकूर छोट्या पाकिटांत तुटून रेडिओवरून चिर्रचिर्र करत जायचा आणि दुसऱ्याच्या पडद्यावर पुन्हा जुळायचा. याला पॅकेट रेडिओ म्हणतात. इंटरनेट लागत नाही, मोबाइल लागत नाही. मला त्याचं वेड होतं, अजून आहे.

या वेडातले माझे गुरू शहराबाहेर कुही गावात राहायचे. विणकराच्या घरचे. वडिलांचा हातमाग बंद पडल्यावर त्यांनी शहरात लकडगंजात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि म्हातारपणी रेडिओ-संगणकाची मशीन घेऊन पुन्हा गावी गेले. मी त्यांना भाऊ म्हणायचो. रोज दुपारी जेवण झालं की त्यांचं पत्र यायचं. धान कसं आहे, वहिनीनं काय रांधलं, कोणाची म्हैस कोणाच्या धानाच्या बांधीत शिरली. शेवटी ७३. आमच्या लोकांत निरोपाच्या नमस्काराला ७३ लिहितात, बोलतानाही तेच म्हणतात. ते न म्हणता जाणं म्हणजे भरल्या पंगतीतून न सांगता उठणं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं, एकाच फ्रिक्वेन्सीवर नुसती पत्रंच का? गप्पा चालाव्यात, पावसाचे आकडे यावेत, सूचनाफलक असावा. युक्ती सोपी होती. प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर एक नंबर. एक म्हणजे पत्र, दोन म्हणजे गप्पा, तीन म्हणजे हवामान. नंबर पाहून माझा प्रोग्राम ज्याचं त्याच्या खणात टाकणार. शहरातल्या मित्रांनी नवा प्रोग्राम हौसेनं घेतला. पत्रातून सगळं कळवूनही भाऊंनी घेतला नाही.

मी त्यांना आवाजावर बोलावलं. ते म्हणाले, "माही मशीन पत्रासाठी आहे गा, तिच्यात बाजार नको भरवू." मी समजावलं. ते म्हणाले, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. "पुन्हा सांग." चौथ्यांदा माझं डोकं सरकलं.

"भाऊ, तुम्हाले ऐकायचंच नाही!"

मग त्यांनी सेट बंद केला. ७३ म्हटलं नाही.

त्याच रात्री आम्ही नवा प्रोग्राम चालू केला. दुसऱ्या दिवसापासून भाऊंचं पत्र बंद. म्हातारा रुसला, असं मी धरून चाललो. मीही काही कमी नाही. ते लिहीत नाहीत तर मी कशाला लिहू, म्हणून हटून बसलो. धान पेरणीचं होतं ते कापणीला आलं. दुपारी जेवून उठलो की पाय आपोआप मशीनकडे वळायचे, आणि मला माझाच राग यायचा.

एक दिवस पावसाचे आकडे गळायला लागले, म्हणून मी एक फाइल उघडली. ज्या पाकिटावर नंबर नसेल ते माझा प्रोग्राम तिच्यात फेकायचा. शहाणपणानं मी तिचं नाव ठेवलं होतं 'कचरा'. ती भाऊंच्या पत्रांनी भरलेली होती.

जुनी मशीन, जुना प्रोग्राम, पाकिटावर नंबर कुठून येणार? आणि माझा रेडिओ इतका सज्जन, की पाकीट मिळताच पोच देऊन टाकायचा. मग प्रोग्राम ते कचऱ्यात टाकायचा. भाऊंच्या पडद्यावर रोज दिसायचं, पोचलं.

मी वाचत गेलो. "धान लोंबीवर आलं." "रागावला का गा?" मग एक लांब पत्र. "आवाजावर नको बोलावत जाऊ. मले आता ऐकू येत नाही. त्या दिवशी तू काय म्हणत होता, काहीच समजलं नाही. कोणाले सांगू नको. लिहिलेलं तेवढं समजते." त्यानंतरच्या पत्रांत मजकूर कमी कमी होत गेला होता. शेवटचे कितीतरी दिवस नुसतं ७३. रोज, जेवणानंतर.

तसाच स्कूटर काढून कुहीला गेलो. भाऊ ओसरीत मशीनपुढे बसले होते. मी बोलायला लागलो आणि मध्येच थांबलो. त्यांनी वही पुढे सरकवली. कचऱ्याची सगळी गोष्ट मी लिहून काढली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मशीन म्हणे पोचलं," ते म्हणाले. "मले वाटलं, आता आपलं लिहिणं तुले नको झालं." मग वहिनीला हाक मारून म्हणाले, "चहा ठेव वं. हा आपला कचरा वाचून आला."

मी रडलो. ते हसत होते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: नंबर नसेल तर पत्र समज. भाऊंनी शेवटपर्यंत नंबर लावला नाही. त्यांची पत्रं मला शेवटपर्यंत मिळाली.

आता गप्पा आणि पाऊस सगळं मोबाइलवर आहे. माझी मशीन मात्र चालू असते. परवा एका मित्रानं प्रोग्राम पाहिला आणि म्हणाला, ही ओळ काढून टाक, बिननंबरी पाकीट आता कोण पाठवतं?

कोणी नाही पाठवत. ओळ राहू दे म्हटलं.