त्याला मी जिवंत वर काढलं

नव्वदीच्या सुरुवातीला, पावसाळ्याआधी, आमची लष्करी डायव्हिंग टीम पूर-बचावाच्या सरावासाठी तंजावूरला आली. मी तंजावूरचाच, राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतला. रँक नाईक. माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, सॅपर सेल्वम. त्याचं गाव ओरत्तनाडुजवळ. त्याला पोहायला कुणी शिकवलं नव्हतं. कालव्यात म्हशींमागे जाऊन तो शिकला.

सराव वल्लमच्या वाटेवर, जुन्या खाणीच्या खोल तळ्यात. सकाळी पीटी, मग इडली, मग पाणी. श्वास रोखून तळाशी बसायचं. नाडी मंदावते, हातापायांतलं रक्त छातीकडे ओढलं जातं. मग छातीखालचा पडदा उसळ्या मारू लागतो. ती शरीराची घंटा. वाजली की वर यायचं.

आमचे इन्स्ट्रक्टर सुभेदार चौहान. उतरण्याआधी ते भराभर खोल श्वास घ्यायला लावत. त्याने हवा जास्त भरत नाही, फक्त घंटा वाजत नाही. माणूस मजेत बसून राहतो आणि न कळत बेशुद्ध होतो. हे आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं, चौहानांनाही. पण त्यांना दुसऱ्या टीमपेक्षा जास्त वेळ काढून दाखवायचा होता.

त्या सकाळी सेल्वमबरोबर मी उतरायचा होतो.

"तू वरच थांब," चौहान म्हणाले. "त्याला सोबत कशाला? कुक्कुलं बाळ आहे का?"

"साहेब, बडीशिवाय उतरायची ऑर्डर नाही."

"ऑर्डर मी देतो."

सेल्वम उतरला. वर आला नाही. मी न विचारता उडी मारली. तो तळाशी होता, डोळे उघडे, चेहरा शांत. काठावर आम्ही खूप वेळ त्याची छाती दाबली.

चौकशीत चौहानांनी जबानी दिली. पोरगा आपल्या मर्जीने उतरला, घाबरला, गांगरला. ते गावात पोचलं. सेल्वमच्या आईला चहाच्या दुकानाशी कुणी तरी विचारलं, तुझा मुलगा पाण्याला भ्याला म्हणे? हे कळल्यापासून मला चौहान बुडालेले पाहायचे होते. दुसरं काही सुचत नव्हतं.

चौकशीचे मेजरसाहेब तळं पाहायला आले. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"सर, रिक्वेस्ट. सुभेदारसाहेबांनी हीच पद्धत करून दाखवावी. सेफ आहे म्हणतात."

चौहान हसले. "आत्ता दाखवतो, सर."

मेजर म्हणाले, "ओके. दोन सेफ्टी डायव्हर. एक तू."

चौहानांनी भराभर खोल श्वास घेतले आणि बुडी मारली. काठावरून हाक आली, "डायव्हर डाउन!"

मी हवेची टाकी लावून त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर. त्यांची छाती उसळलीच नाही. मग बोटं सैल झाली. ओठांतून बुडबुड्यांची माळ सुटली. डोळे उघडे. अगदी सेल्वमसारखे.

मी हेच मागितलं होतं. पण तिथे मेले असते तर त्यांना तिरंगा मिळाला असता. मला तो माणूस जिवंत हवा होता, सगळ्यांसमोर. बगलेत हात घालून वर आणलं. तोंडावर फुंकर, गालावर थापड. थापड जरा जोरातच मारली. श्वास लागला.

"काय झालं?" मेजरांनी विचारलं.

"काही नाही, सर. आलो ना वर. माझा मीच."

त्यांना मी बगलेत धरून आणलेलं काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. चौहान एकेकाचं तोंड बघत राहिले.

"सर, साहेब बेशुद्ध झाले होते," मी म्हणालो. "घाबरले नव्हते. सेल्वमही घाबरला नव्हता."

निकाल लागला: ड्यूटीवर मृत्यू, चूक इन्स्ट्रक्टरची. चौहानांचा बॅज गेला, मग नोकरी. निघताना त्यांनी हात पुढे केला. मी रँकला सॅल्यूट केला. हात घेतला नाही. आजही घेणार नाही.

निकाल सांगायला मी बसने सेल्वमच्या गावी गेलो. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तंबी, त्याला त्रास झाला का रे?"

"नाही, अम्मा. त्याला कळलंच नाही."

हे मी धीर द्यायला म्हणालो नाही. मी शपथेवर सांगू शकत होतो. माझ्याकडे साक्षीदार होता, स्वतः चौहान, आणि जगात मी त्याच्याइतका तिरस्कार कुणाचाच केलेला नाही.

अम्मांनी पदराने तोंड पुसलं. उठून दारात गेल्या आणि चहाच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "माझा सेल्वम भ्याला नव्हता!"